दीड हात दार

ता. ४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र हातात पडलं की आधी पाकीट उलटंसुलटं करून म्हणशील, डिंक नीट लावलेला नाही. ते आत्ताच मान्य करून टाकते. फोन करावा तर तू तो बाइंडिंगच्या दुकानात कटिंग मशीनशेजारी उभा राहून घेतोस, आणि वर म्हणतोस की फोनवरचं भांडण पुन्हा वाचता येत नाही. म्हणून हा कागद.

नगरपालिकेत निवडून येऊन पाच महिने झाले आणि मला कर समितीत बसवलंय. तिथे कोणालाच बसायचं नव्हतं, हे मला बसल्यावर कळलं. पण त्या निमित्ताने आपला दुकानकर कसा ठरतो ते नीट वाचलं. रस्त्यावरच्या दाराची रुंदी मोजायची. जितके हात, तितका कर. आत जागा किती, हे कोणी विचारायचंच नाही. म्हणजे आपल्या गल्लीतल्या फर्निचरवाल्याचं दार दोन हात, मागे तीन मजली गोदाम, आणि कपाटं जातात-येतात ते मोठं फाटक मागच्या बोळात, म्हणून मोजणीबाहेर. कोपऱ्यावरच्या छत्रीवाल्या मावशींचं दुकान म्हणजे भिंतीला टेकवलेली फळी, पण उघडी बाजू सात हात. त्या त्याच्या तिपटीहून जास्त भरतात. आणि जमलेला कर पुरत नाही म्हणून आपला सरकारी दवाखाना आता आठवड्यातून तीनच दिवस उघडतो. दादा, हा नियम आकाशातून पडलेला नाही. कोणीतरी हात वर करून तो मंजूर केलाय.

मी ठराव आणतेय की कर आतल्या जागेवर घ्यावा. लहान दुकानांना हलका दर, पाचशे चौरस फुटांच्या वर चढता. त्यावर समितीतल्या सोनेरी चष्मेवाल्या गृहस्थांनी हसत हसत विचारलं की बाई, तुमच्या भावाचं दार किती हात आहे. माझे कान तापले. बाबांनी ते दार बुजवून दीड हात केलं तेव्हा घमेलं मीच धरलं होतं ना. आठ वर्षांची होते आणि ऐट तर काय विचारू नकोस.

तेव्हा मागणं असं, की आपल्या जागेचं माप तू आपणहून दे, सगळ्यांच्या आधी. तुझा कर वाढेल, मला ठाऊक आहे. पण तू दिलंस तर मला मान वर करून बोलता येईल.

वहिनीला नमस्कार. लोभावर अजून कर बसलेला नाही, तेव्हा तो सढळ ठेवावा.

तुझी,
खोडरबर

ता. १२ मार्च

चि. खोडरबर हिस,
अ. आ.

शाळेत तू एक ओळ लिहायचीस आणि कागदाला भोक पडेपर्यंत खोडायचीस, तेव्हा हे नाव पडलं. आता कायद्याच्या पुस्तकाला भोक पाडायला निघालीस. पाडून झालं की बांधणीला माझ्याकडेच पाठव.

तुझ्या प्रचाराची पत्रकं मी रात्रंदिवस फुकट कापून दिली. दुसरी बहीण असती तर भावाला निदान एखादं घड्याळ दिलं असतं. तू करवाढ दिलीस.

दाराचं म्हणशील तर ते मलाही नकोसं झालंय. गेल्या आठवड्यात आपले म्हातारे हेडमास्तर जुन्या हजेरीपटांचा गठ्ठा घेऊन आडवे होऊन शिरले ते मधेच अडकले. तुझ्या वहिनीने आतून गठ्ठा ओढला, मी बाहेरून मास्तरांना. सुटल्यावर त्यांनी मला व्यवस्थितपणावर दहा मिनिटं ऐकवलं.

चेष्टा पुरे. मला भीती वाटते. वर्षातले चार महिने काम असतं, शाळांना सुट्टी लागली की मशीन नुसतं बसून राहतं. कर काही बसून राहत नाही. एवढे मोठमोठे पडलेत, मग ही मलाच पहिला का धरते, असं तुझ्या वहिनीला विचारलं. ती म्हणाली, घरात सापडता म्हणून.

तरी माप पाठवतो. पुढचं दुकान आणि शिलाईची खोली मिळून चारशे तीस चौरस फूट. बाबांच्या लाकडी पट्टीने मोजलंय. दाखव तुझ्या चष्मेवाल्यांना.

कर वाढव, पण स्वतःचं जेवण कमी करू नकोस. आहे ती माया आहेच.

तुझा,
दादा

ता. २० मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं माप माझ्या सहीने समितीपुढे ठेवलं. चष्मेवाले गृहस्थ म्हणाले की असा भाऊ सगळ्यांना मिळो. मी फुशारून घरी निघाले.

बसमध्ये बसल्या बसल्या मनातल्या मनात आपल्या घरात शिरले. दुकान, मग शिलाईची खोली, मग दोन पायऱ्या, मग माझी अभ्यासाची खोली. दादा, ती खोली कुठे गेली? तुझ्या कागदावर ती नाही. धरली तर तू पाचशेची रेघ ओलांडतोस, नाही धरली तर रेघेच्या आत आरामात बसतोस.

तू मुद्दाम केलंस असं मी म्हणत नाही. दुसरं कोणी म्हणेल. मतदान दोन एप्रिलला आहे. माप मागे घेते म्हटलं तर सभागृहात कारण सांगावं लागेल, आणि गप्प बसले तर त्या फर्निचरवाल्याला मी कोणत्या तोंडाने बोलू? हे सगळं चिडवून लिहायचं ठरवलं होतं. नाही जमलं. रागावले आहे.

लोभ आहेच. सध्या जरा रुसलेला आहे.

तुझी बहीण

ता. २४ मार्च

वन्सं यांस,
स. न. वि. वि.

तुमच्या दादांना न सांगता लिहितेय. पाकीट मी चिकटवलंय. कडा वाकडी आहे, त्यांना कधी दाखवू नका.

तुमची खोली त्यांनी एकदा नाही, तीनदा मोजली. मग पट्टी बाजूला ठेवून म्हणाले, ही दुकानाची नाही, तिची आहे. मी म्हटलं, तिच्या खोलीत कागदाची चाळीस रिमं आहेत. तर म्हणाले, टेबलावर नाहीत ना. ते मात्र खरं. रिमं छताला लागलीत, पुठ्ठे खिडकीपर्यंत आलेत, पण तुमचं टेबल रिकामं आहे आणि रोज सकाळी ते स्वतः पुसतात. कर वाचवायचा विचार मनात नव्हता असं मी म्हणणार नाही. तोही होता. दोन्ही होतं.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी आभाळ कोरडं असताना हे छत्री दुरुस्तीला घेऊन गेले. मावशींच्या तळहाताला पट्टी होती. गुरुवारी तारेने कापलं, दवाखाना बंद, म्हणून त्यांनी छत्रीचंच कापड गुंडाळून एक दिवस काढला. दादांची छत्री त्यांनी एका हाताने नीट केली आणि नेहमीचेच पैसे घेतले. घरी येऊन हे खळीच्या भांड्यापुढे बसून राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी खळ वाळू दिलेली मी पहिल्यांदा पाहिली.

तुम्ही दोघं भांडा, पण अबोला धरू नका. मधल्यामधे मला दोघांचं ऐकावं लागतं.

आपली,
वहिनी

ता. २८ मार्च

चि. खोडरबर हिस,
अ. आ.

उत्तराला उशीर झाला, कारण भिंत फोडत होतो.

आधी मुद्द्याचं. माझं माप खोटं होतं आणि ते मला माहीत होतं. मागची खोली एकशे वीस, एकूण साडेपाचशे. कर कार्यालयातल्या मोजणीवाल्याला बोलावून त्याच्यासमोर मोजलं. तो आडवा होऊन आत आला हे सांगायला नको. त्याच्या सहीचा कागद सोबत आहे. सभागृहात सरळ वाचून दाखव की भावाने खोटं माप दिलं होतं, आता खरं देतोय. माझी लाज झाकायच्या भानगडीत पडू नकोस.

आता भिंतीचं. बाबांनी बुजवलेले चार हात परवा मोकळे केले. दार पुन्हा साडेपाच हात झालं. जुन्या नियमाने माझा कर आता साडेतीन पटीहून जास्त होतो. ठराव पडला तर मी चांगलाच बुडतो, झाला तर थोडासा. म्हणून होऊ दे.

सकाळी नऊच्या सुमारास ऊन दुकानातून, शिलाईच्या खोलीतून, पायऱ्या चढून तुझ्या टेबलापर्यंत जातं. आम्ही दोघं बघतच राहिलो. त्या टेबलाशी तू भर दिवसा दिवा लावून वाचायचीस. बाबांनी वाचवलेले पैसे तुझ्या फीला गेले, हेही विसरू नकोस. त्यांच्यावर रागावू नकोस, नियमच तसा होता. विटा मावशींना दिल्या, त्यांच्या फळीखाली घालायला.

राग ओसरला असेल तर कळव. नसेल तरी कळव.

तुझा,
दादा

ता. ३ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

दोन मतांनी हरलो.

तुझं पत्र मी सभागृहात उभी राहून वाचलं. चष्मेवाल्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि विरोधात हात वर केला. नंतर जिन्यात गाठून हळूच म्हणाले की त्यांच्या पेढीचंही दार दोनच हात आहे. ठराव आता ऑक्टोबरच्या बैठकीत पुन्हा मांडता येईल.

तोवर तू साडेपाच हातांचा कर भरणार, आणि तो माझ्यामुळे. काल रात्रभर रडले, तुला म्हणून सांगते. दार पुन्हा बुजव, दादा. मी घमेलं धरायला येते.

राग कधीच गेलाय. लोभ आहे तसाच, पूर्ण मापाचा.

तुझी,
खोडरबर

ता. १४ एप्रिल

चि. खोडरबर हिस,
अ. आ.

घमेलं आणू नकोस. विटा मावशींच्या फळीखाली आहेत आणि त्या आता परत द्यायच्या नाहीत म्हणतात.

दुसरंच एक झालंय. कराची पावती घेऊन आलो त्या दिवशी चिडून एका पुठ्ठ्यावर रंगवलं: आतली जागा साडेपाचशे फूट. एवढंच. आणि टांगलं दाराशी. तिसऱ्या दिवशी समोरच्या चांभाराने त्याचा आकडा लावला. मग मावशींनी: एकवीस फूट, छत्र्या धरून. आज गल्लीत अकरा पाट्या आहेत. फर्निचरवाल्याकडेच तेवढी नाही, त्यामुळे खुर्ची घ्यायला आलेलं प्रत्येक माणूस त्याला विचारतं की तुमची जागा किती हो. काल तो माझ्याकडे आला, इकडची तिकडची विचारपूस केली आणि जाता जाता म्हणाला की तो रंग कुठला वापरलास. मी उरलेला अर्धा डबा देऊन टाकला. पाटी अजून लागलेली नाही, पण डबा त्याने परतही पाठवला नाही.

कर जड आहे. मशीनचं दुरुस्तीचं काम पुढे ढकललंय आणि तुझी वहिनी मुलांच्या जुन्या वह्यांतून बिलाचे कागद काढते. ऑक्टोबरपर्यंत निभेल. तू तुझी दोन मतं शोध.

तुझ्या खोलीचं माप आता सरकारी कागदावर लिहिलं गेलंय, एकशे वीस फूट, लपवालपवी नाही. टेबल अजून रिकामंच आहे. सुट्टीत सकाळी नऊच्या आत ये. आडवं होऊन शिरावं लागणार नाही.

तुझा,
दादा