समाधान चौथीत आहे

राणीसावरगावच्या पुढची वाडी,
गुरुवार

ती. भगवानदाजींना पंडितचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? ताईचं बीपी? (गुडघा आधी विचारला, कारण तुमी मुख्याध्यापक, ताई नुसती बहीण.) इकडं सगळे खुशाल. बदलीचा अर्ज ठेवायचा की मागं घ्यायचा, ते शनिवारपर्यंत ठरवायचंय. तुमी तुमच्या शाळेत माझी खुर्ची पुसून ठेवलीय, हे ध्यानात आहे. पण दाजी, एक कोडं काही केल्या सुटंना.

आमचे मुख्याध्यापक किशनराव सर रिटायर झाले. त्यांना कुणी काही विचारलं की ते चष्म्यावरून बघायचे, अन् प्रश्नच माघारी जायचा. आमी चौघं मास्तर दिवसभर त्यांच्या नावानं खडे फोडायचो अन् घंटा झाली की घरी पळायचो. आता त्यांच्या जागी साधना मॅडम आल्यात. त्या उलट आमालाच विचारतात! पाण्याचा माठ कुठं ठेवायचा, यावर तीन दिवस बैठक चालली (माठ होता तिथंच आहे). जीवन सर म्हणायले, यापेक्षा हुकूम बरा, डोकं तरी दुखत न्हवतं. मग घंटा झाल्यावरही तेच सगळ्यात उशिरा का निघायलेत?

त्यात वरून फॉर्म आला : 'शाळेत समाधान आहे काय? तपशील द्या.' किशनरावांनी सगळ्यांचं समाधान स्वतःच भरून धाडलं असतं. मॅडमनी ज्याचा त्याला दिला. जीवन सरांनी घाईत लिहिलं, 'आहे. इयत्ता चौथी. हजेरी अनियमित.' (त्यांच्या वर्गात समाधान नावाचं पोरगं आहे.) मॅडम लय हसल्या, पण कागद फाडला न्हाई. म्हणाल्या, "याची हजेरी का बुडायली, ते आधी बघू." दुसऱ्या दिवशी जीवन सर आपणहून त्याच्या घरी गेले! आजवर हा माणूस आपणहून फक्त डबा खायला उठलाय.

माझा फॉर्म कोराच होता. मॅडम शेजारी येऊन बसल्या अन् म्हणाल्या, "सर, तुमी का चाललात?" दाजी, चौदा वर्षांच्या नोकरीत हे मला कुणी विचारलं न्हवतं. मी हातातला चहाच फुंकत बसलो. चहा लय गरम आहे म्हणून वेळ मारून नेली.

असो. विचार करून कळवतो.

तुमचा,
पंडित

ता.क. (शनिवार) : विचार झाला. अर्ज कालच मागं घेतला. ताईनं आमच्यासाठी वरची खोली सारवून ठेवली असेल, तिला तेवढं तुमीच समजावा. माझी हिंमत न्हाई.

ता.क. २ : तुमच्या शाळेतले दोन मास्तर मला सारखे फोन करायलेत, पंडितराव, तुमची जागा खाली होणार का म्हणून. नावं मी सांगणार न्हाई. फक्त स्टाफरूममधी मोठ्यानं सांगा की पंडितची जागा खाली न्हाई. ज्यांची तोंडं उतरतील, ते दोघं.