चाकाखालचा दगड

प्रिय गणूच्या आईस,

तुला हे माझं पहिलंच पत्र. तू होतीस तेव्हा कधी लिहिलं नाही, कारण आपण कधी लांब राहिलोच नाही. शिवाय तुला वाचता येत नव्हतं. आता तिकडे कुणी वाचून दाखवणारा भेटला तर आधी त्याला नीट पारखून घे. काही माणसं मधलं मधलं गाळून वाचतात. यातलं काही गाळायचं नाही, असं त्याला बजावून सांग.

आज लिहायला बसलो, कारण उद्या सकाळी आपला गणू पहिल्यांदा स्वतःच्या जबाबदारीवर ट्रक नेणार आहे. मुरुडहून नारळ भरायचे आणि रोह्यावरून पनवेलला जायचं. शेजारी शिकवणारा उस्ताद नसेल. आणि निघण्याआधी गाडी मी तपासून द्यायची, असा त्याचा हट्ट आहे. मी, म्हणजे जन्मभर बैलांच्या शेपट्या पिरगाळलेला महादू! सकाळची भाकरी तशीच झाकून ठेवली. हे असं का झालं, ते तुला सोडून कुणाला सांगू?

महाराष्ट्र राज्य झालं त्या उन्हाळ्यात तू गेलीस. शेवटच्या आठवड्यात तू मला उशाशी बसवलंस. गणू तेव्हा मुंबईला तुझ्या भावाकडे राहून गाडी शिकत होता. तू म्हणालीस, "त्याला लायसन मिळालं की पहिला मालक तुमी बघून द्या. पोरगी द्यायची तसा पोरगा द्यायचा. पहिल्या घरी जी सवय लागंल, ती जन्माची."

मी म्हटलं, "बघतो."

तू म्हणालीस, "बघताना लई संशय घेऊ नका. पण थोडा घ्या."

थोडा म्हणजे किती, ते सांगायला हवं होतंस की नाही? मला थोडा संशय घेता येत नाही, हे तुला चांगलं माहीत होतं. मी डॉक्टरच्या बाटलीतलं औषध आधी मांजराला पाजायचो. त्यावरून तू दोन दिवस बोलली नव्हतीस.

तर गणू लायसन घेऊन आला. मिशी राखली होती, केस मागे वळवले होते. दोन ठिकाणांहून बोलावणं आलं. एक मुरुडचे हसनभाई, नारळ-सुपारीचे व्यापारी. दुसरे खाडीपलीकडचे, रेवदंड्याचे नानाशेठ. तुझ्या माहेरचे. हे मी मुद्दाम लिहितो आहे.

मी तुझा शब्द धरून दोन्हीकडे स्थळ बघायला जावं तसा गेलो. दोन्हीकडे पाणी मागून प्यायलो. पाणी कोण आणतं, कसल्या भांड्यातून आणतं, भांडं घासलेलं आहे का, यावरून घर कळतं. तसा त्यावरून मालकही कळेल असं मला वाटलं.

हसनभाईंच्या वखारीत पाणी खुद्द त्यांनीच काढून दिलं. लगेच मनात आलं, यांच्याकडे गडीमाणसं टिकत नसतील, म्हणून मालकाला पाणी काढावं लागतं. त्यांनी गणूला विचारलं, "उतारावर गाडी कुठल्या गिअरला?" गणूने सांगितलं. मग त्याला गाडीत बसवून वखारीच्या फाटकातून मागे मागे घ्यायला लावली. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा फाटकाचा खांब जरा घासला. हसनभाई काही बोलले नाहीत. मला ते न बोलणंही आवडलं नाही.

शेवटी म्हणाले, "सहा महिने आमच्या बाबू उस्तादच्या बाजूला बसायचं. मग बघू."

मी म्हटलं, "लायसन हाय त्याच्याकडं. मंग बाजूला कशाला?"

"लायसन सरकारनं दिलंय, बाबा. गाडी मला द्यायची हाय."

गणूचे कान लाल झाले. मला वाटलं, यांना ड्रायव्हर नको, फुकटचा हमाल हवा आहे. आणि तो बाबू उस्ताद! केस पांढरे, पाठीला बाक, तळहात दगडासारखे. बैल विकत घेताना आपण मानेवरचा घट्टा बघतो, जू किती ओढलंय ते त्यावरून कळतं. मी उस्तादचे हात पाहिले आणि ठरवलं, हा मालक माणसाला पिळून घेतो. तोच माणूस इतकी वर्षं तिथेच का राहिला, हे मी त्याला विचारलं नाही. कोण खरं सांगतं?

दुसऱ्या दिवशी साळावहून तरीत, खाडी ओलांडणाऱ्या होडीत, बसून रेवदंड्याला गेलो. नानाशेठकडे पाणी पितळी तांब्यातून आलं, पाठोपाठ चहा आला. चहात साखर इतकी की मी कप खाली ठेवला. इतकी साखर माणूस कशासाठी घालतो? नानाशेठ म्हणाले, "अहो महादू, तुम्ही आमच्या गावचे जावई. पोरगं आपलंच आहे. सोमवारी या, चावी घ्या, गाडी न्या."

"आन् तुमचा आधीचा डायवर?"

"त्याला घरी काम निघालं."

मी परत निघालो ते पक्कं नाही म्हणायचं ठरवूनच. लगेच चावी देणारा माणूस मला कधीच पटला नसता. पण फाटकाजवळ त्यांचा ट्रक उभा होता, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्याला तोंड करून. नवा निळा रंग, पुढे झेंडूचा हार. आणि मागच्या दोन्ही चाकांना दगड. कसेही टाकलेले नाहीत. चांगले निवडलेले, पाचरीसारखे घट्ट बसवलेले.

तुला आठवतं, मी बैल सोडले की आधी चाकाला दगड लावायचो, मग तोंड धुवायचो? तू हसायचीस. गाडी सपाट जमिनीवर असली तरी लावायचो. चाकाला दगड लावणारा माणूस काळजीचा, हे मी माझ्या बापाकडून शिकलो. ते दगड बघितले आणि माझा सगळा संशय तिथेच संपला. चहाचा संपला, चावीचा संपला, आधीच्या ड्रायव्हरचासुद्धा. घरी येऊन गणूला म्हटलं, "रेवदंडा."

सगळ्या जगावर संशय घेतला आणि भरवसा टाकला तो दोन दगडांवर.

सोमवारी सकाळी आम्ही दोघे गेलो. ओळखीचा लक्ष्या तरवालाही होडी बांधून मजा बघायला वर आला. गाडीची पूजा झाली. गणू पुढे वाकून बॉनेटला हळदकुंकू लावत होता. नानाशेठनी नारळ फोडला.

आता नीट ऐक.

बैलगाडीत नारळ फोडला की दगड काढायचा, अशी आपली रीत. बैल जुंपलेले असतात, जू खांद्यावर असतं, दगड काढला तरी गाडी बैलाच्या हुकमात असते. आणि तो दगड घरच्या थोरल्याने काढायचा. मी थोरला. नारळाचा आवाज कानावर आला आणि मी मागच्या चाकापाशी वाकलो. एक दगड काढला. पलीकडे जाऊन दुसरा काढला, जरा जोर लावावा लागला. तेव्हाही मला कळलं नाही की एवढा जोर का लागतो आहे. गाडीत कुणी बसलेलं नाही, इंजिन बंद आहे, यातलं काही माझ्या डोक्यात आलं नाही. हातातला दगड मी सवयीने पुसत होतो.

गाडी निघाली. आवाज न करता निघाली. आणि तुझा मुलगा तिच्या पुढे वाकलेला होता.

लक्ष्या ओरडला, "गणू!" गणूने मान वर केली आणि बाजूला उडी मारली. पुढचं चाक त्याच्या पायापासून हातभर अंतरावरून गेलं. हळदीची वाटी चाकाखाली चेपली. मी दगड हातात घेऊन उभा. 

पण पोरगा तुझा. मागे हटला नाही. धावला, दार उघडून चढला, हातातलं स्टिअरिंग फिरवलं. गाडी बंदराची वाट सोडून सोडणांच्या ढिगात घुसली, नारळ सोलून टाकलेल्या सोडणांचा तो मोठा ढीग, तिथे जाऊन थांबली. खाली बंदरावर मासळी वाळत घालणाऱ्या बायका बसल्या होत्या. गाडी तिकडे गेली असती तर? मी अजून तेवढ्यापर्यंत विचार करतो आणि उठून पाणी पितो.

गणू खाली उतरला. नानाशेठना म्हणाला, "शेठ, ब्रेक कुठाय?"

"असं कसं विचारतोस?"

"पाय पार फळीला टेकला. हातब्रेक नुसता लोंबतोय."

नानाशेठ म्हणाले, "दोन-तीनदा दाबावा लागतो, मग लागतो. आधीच्याला सवय होती."

"म्हणून त्याला घरी काम निघालं व्हय?" लक्ष्या म्हणाला.

मग नानाशेठ माझ्याकडे वळले. "दगड कुणी काढला?"

दगड माझ्या हातातच होता. लपवायला जागा नव्हती. मी तोंड उघडणार, एवढ्यात लक्ष्या म्हणाला, "बाबानं मुद्दाम काढला. त्यो काय येडा हाय? मांजराला आधी औषध पाजणारा माणूस त्यो. ब्रेकचा संशय आला असंल, म्हणून बघितलं काढून. व्हय ना, बाबा?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. गणूही बघायला लागला. त्याने माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. मुंबईहून आल्यापासून तो माझ्याशी बोलताना माझ्या डोक्यावरून बघायचा, तुला माहीत नाही ते. त्या दिवशी त्याने सरळ बघितलं.

मी म्हटलं, "व्हय."

एवढंच. एका शब्दाचं खोटं.

ते खोटं माझ्याआधी तरीत बसून खाडी उतरलं. मुरुडच्या बाजारात पोचलं. आठ दिवसांत हसनभाईंनी निरोप धाडला, पोराला घेऊन या. मी गेलो तर म्हणाले, "ज्याचा बाप उभी गाडी बघून ब्रेक ओळखतो, त्याचा पोरगा मला पाहिजे. पण सहा महिने बाजूलाच." या वेळी गणूने मान हलवली. मी मात्र घरी येईपर्यंत विचार करत होतो, हसनभाईंनी खरंच विश्वास ठेवला, की माझी परीक्षा घेतायत? अजून नक्की ठरत नाही.

सहा महिने गणू उस्तादच्या बाजूला बसला. ब्रेकचं तेल बघायला शिकला, ठोकून टायर ओळखायला शिकला, घाटात घाई न करायला शिकला. उस्ताद त्याला रोज सकाळी गाडीखाली झोपवून सगळं तपासायला लावतो. मीही हळूच उस्तादला विचारलं, इतकी वर्षं इथेच का राहिलास? तो म्हणाला, "दुसरीकडं कशाला जाऊ? इथं गाडी खराब हाय असं म्हटलं की गाडी थांबते." मी एवढी तपासणी केली आणि हा एक प्रश्न विचारला नाही.

पण यात एक वाईट गोष्ट झाली. आज सकाळी गणू म्हणाला, "बा, उद्या सकाळी उस्ताद न्हाय. त्याला पहाटेच दुसरी गाडी घेऊन जायचंय. तुमी या वखारीत. तुमी गाडीभोवती एक फेरी मारा. तुमी बरी म्हणालात की मी निघतो."

मी म्हटलं, "तू बघ की खालून."

"तुमी असल्यावर मी कशाला बघू?"

बघ आता. ज्याने त्याला चाकाखाली घालायचं तेवढं बाकी ठेवलं, त्याच्या एका शब्दावर तो रोह्याचा घाट उतरणार. गाडीखाली न झोपता. मला गाडीतलं काय कळतं? फक्त रंग कळतो. मी बरी म्हटलं आणि ती बरी नसली तर? आणि खरं सांगितलं तर हसनभाई म्हणतील, बापाने फसवलं, पोरगा कशावरून खरा? पहिली नोकरी, जी तू मला बघून द्यायला सांगितलीस, ती माझ्या तोंडानेच जाईल. तू असतीस तर काय म्हणाली असतीस? मला माहीत आहे. म्हणून तर इतके महिने तुझ्या फोटोसमोर बसायचं टाळलं.

गणूने पुन्हा डोक्यावरून बघितलं तर मला सोसवणार नाही, हेही लिहून ठेवतो. ते मोठं कारण आहे. नोकरीपेक्षा मोठं.

तरी उद्या मी उजाडताच वखारीत जाईन. इंजिन सुरू व्हायच्या आधी, हसनभाईंच्या देखत, गणूला सांगेन की दगड मी नुसत्या सवयीने काढला होता, तू पुढे वाकलेला असताना काढला होता, आणि मला ब्रेकमधलं काही कळत नाही. मग त्याला म्हणेन, आता गाडीखाली झोप आणि तूच बघ. तो काय म्हणेल ते म्हणू दे. तो खालून बघून बाहेर येईपर्यंत मी तिथून हलणार नाही. हा शब्द तुला दिला.

तुझा,
महादू