बाबांची पाठ पाहून आली

ती. सौ. आईले आचलचा नमस्कार.

आज न कळवता, ऐन जेवणाच्या टायमाले अकोल्याले बाबाच्या नर्सिंग होममध्ये गेली. लकव्यानं त्याईले कूस बदलता येत नाही, म्हणून आधी पाठच पाहिली. कुठं जखम नाही. चादर कोरडी, नखं कापलेली.

आयाबाई कुंदाताई त्याईले भरवून राहिल्या होत्या. बाबानं तोंड फिरवलं, तरी त्या चमचा धरून थांबल्या.

“सुभद्रा, पुरे,” बाबा म्हणाले.

तुहं नाव ऐकून मी पाहतच राहिली. कुंदाताई म्हणाल्या, “रोज याच नावानं बोलावतात. मीबी ओ देते.”

तुहा गुडघा कसा आहे? एकटी असली तरी सैपाक करत जा. आई, तू बाबाले टाकलं नाहीस, चांगल्या हाती दिलं.

तुही लेक,
आचल