अर्जावरचा शेरा

उल्हासनगर कॅम्प ४
दि. ६ जुलै १९८७

ती. दादांस,
धाकट्या आनंदाचा सप्रेम जयभीम. वि. वि. इकडे सर्व खुशाल. आईचे गुडघे तेवढे कुरकुरतात.

तुमच्या कंपनीच्या गेटवर येऊ नकोस म्हणालात, म्हणून पत्र लिहितो. हेल्परच्या जागेसाठी तिथे केलेला माझा अर्ज शाळेच्या दाखल्यासकट परत आला. सोबत पत्र नाही. कोपऱ्यात पेन्सिलीने एक इंग्रजी शब्द तेवढा आहे. आमच्या मालिनीने अक्षरं लावून वाचला, डफर. ती सहावीत गेली तरी तिला अर्थ येत नाही, आणि मला तर एबीसीडीच्या पुढे अंधारच. अक्षर तुमच्यासारखं वळणदार आहे, एफच्या शेपट्या लांब, म्हणून मला धीर आला. मालिनीच्या आईला म्हटलं, दादांनी माझ्यासाठी शब्द टाकलेला दिसतोय.

आमचा शेठ या महिन्यात प्रेस मशीन विकतोय, मग मी रिकामा. तेव्हा त्या शब्दाचा अर्थ काय आणि पुढे काय करायचं, ते लवकर कळवा. वहिनींना जयभीम. लोभ आहेच, तो असाच राहू द्या.

तुमचा
आनंदा

बदलापूर
दि. १५ जुलै १९८७

चि. आनंदा यास,
अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. यापुढे ऑफिसच्या पत्त्यावर टाकू नकोस, घरी टाक.

येड्या, एवढ्याशा शब्दाने गोंधळलास? साहेब लोक अर्ज चाळताना असे शेरे मारतात. मेहनती, सरळमार्गी माणूस, असा त्याचा अर्थ. जागा एकच होती, ती आधीच भरली. मीही साहेबांपुढे फार बोललो नाही. स्वतःचा भाऊ चिकटवला असं कुणी म्हणायला नको. मी आत्ता कुठे हेडक्लार्क होतोय, आणि इथे सगळे टपून बसलेत.

मालिनीला म्हणावं, नवा शब्द मिळाला, कुठेतरी वापर. आईला भेटायला पुढल्या महिन्यात येईन. मोठ्या भावावर रुसू नकोस.

तुझा
भीमरावदादा

उल्हासनगर कॅम्प ४
दि. ११ ऑगस्ट १९८७

श्री. भीमराव यांस,
जयभीम. शेठने मशीन विकलं. मी नाक्यावर उभा राहतो, मिळेल ते काम उचलतो. ते असो.

मालिनीला शाळेत वडिलांवर इंग्रजीत पाच ओळी लिहायच्या होत्या. तिने तुमचा शब्द वापरला. माझे बाबा डफर आहेत, असं लिहून खाली दोनदा रेघ मारली. बाईंनी वही वर्गात वाचून दाखवली आणि विचारलं, तुझे बाबा खरंच ढ आहेत का. सगळा वर्ग हसला. पोरगी घरी आली ती जेवलीच नाही. माझी माफी मागत होती. तिचं काय चुकलं होतं?

म्हणे साहेबांचा शेरा! तुमचं कॉलेज सुटू नये म्हणून मी सातवीत दप्तर टाकून वर्कशॉपला लागलो. तुमच्या वह्या मी आणायचो. तुम्ही इंग्रजी गिरवायचात आणि मी शेजारी बसून बघायचो. त्या एफच्या शेपट्या मी पहिल्याच दिवशी ओळखल्या होत्या. तुमच्या हातून माझ्याविषयी वाईट उतरेल, एवढंच माझ्या डोक्यात आलं नाही. त्या हिशेबाने शब्द बरोबरच लिहिलात. नोकरी नाही दिलीत तरी चाललं असतं. पण मी विचारलं तेव्हा तरी खरं सांगायचं होतं. फार राग आहे मला तुमचा.

मालिनी विचारत होती, काकांनी असा अर्थ का सांगितला. तिला तुमचं केवढं कौतुक! मी म्हटलं, काकांना इंग्रजी नीट येत नाही गं. आता दोघा भावांपैकी कुणीतरी एक तिच्या लेखी ढ ठरणार होता. मी तुम्हाला ठरवलं.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. आलात तर तिच्यापाशी बसा. मालिनी आता नेहमीसारखी पुस्तक घेऊन तुमच्याकडे येणार नाही. लोभाचं या वेळी लिहीत नाही.

आनंदा