बंद पेडलच्या भुणभुणीबाबत

तीर्थस्वरूप मामांस,

तुमच्या भाच्याचा (तोच, उघडलेल्या वस्तूंचे स्क्रू हरवणारा) साष्टांग नमस्कार. तुमची पाठ आता कशी आहे? मामी सांगत होती, की पाठीपेक्षा तुमचा रागच जास्त ठणकतोय. आई म्हणते, गरम पाण्याने शेका. म्हणजे पाठ शेका. रागाचं मी बघतो.

गेल्या कार्यक्रमात तुम्ही माझ्या गिटारसाठी बनवलेलं पेडल (आवाज बदलणारी ती पायाखालची डबी) खरखरलं, तेव्हा आमचा साउंडवाला सगळ्यांदेखत म्हणाला, की हे पेडल ज्याने बनवलं त्याने आधी बनवायला शिकावं, आणि तुम्ही पहिल्या रांगेतून उठून गेलात, ते तीन महिने इकडे फिरकला नाहीत. पण मामा, रागावू नका, तो अगदीच खोटं बोलला नव्हता. पेडल पायाने बंद केलं की गिटारचा आवाज जसाच्या तसा पुढे जायला हवा (त्याला बायपास म्हणतात, हे तुम्हीच मला शिकवलंत). तुमचं पेडल मात्र बंद केल्यावरही मागून खरखरत राहायचं, रुसून बाहेर बसलेल्या माणसाने आतल्या गप्पांत टोमणे मारावेत तसं. गायिका हळू गायला लागली की ते हमखास ऐकू यायचं.

म्हणून रविवारी सकाळी मी कंबर कसली. आधी केबल बदलली. मग दुसरी बदलली. मग अ‍ॅम्प्लिफायर खिडकीपाशी ओढत नेला (का, ते विचारू नका). शेवटी बायकोने शांतपणे विचारलं, की पेडल उघडून बघायचं राहिलंय का. उघडलं. या गडबडीत तापलेलं सोल्डरिंग आयर्न जेवणाच्या टेबलावर ठेवल्यामुळे मेणकापडाला भोक पडलं. ते मी मिठाच्या बरणीने झाकलंय, आणि तेव्हापासून कोणी मीठ मागितलं की मी बरणी न हलवता चिमटीनेच वाढतो.

असो. तासभर डोकं खाजवल्यावर उमगलं, की पेडल बंद असताना सर्किटचं तोंड उघडंच राहत होतं. शेजारच्या तारेतला आवाज त्यात शिरायचा, आत फुगायचा आणि वाट मिळेल तिथून झिरपायचा. मी खटक्याच्या मोकळ्या पायाला (म्हणजे पिनेला) एक इवलीशी हिरवी तार जोडली, म्हणजे पेडल बंद होताच ते तोंड ग्राउंडला जोडलं जाऊन मिटतं. खटका दाबला, आणि भुणभुण गायब! काम एका तारेचं, पण सुचायला डोकं लागतं. तुमच्यासारख्या मुरलेल्या माणसाच्या नजरेतून ते सुटावं याचं नवल वाटलं, पण वयोमानाने होतं असं. माझ्या मनात काही नाही.

आपला विजयी भाचा

ता. क. झाकण लावताना त्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेला तुमचा कागद दिसला. पेन्सिलीची आकृती, माझी तार जिथे आहे बरोब्बर तिथेच एक तार, आणि खाली तुमच्या अक्षरात: ‘हिरवी तार काढू नये. खास करून भाच्याने.’ मामा, गेल्या वर्षी खटका मोडला तेव्हा तुम्हाला न सांगता तो मीच बदलला होता. सगळं जोडून झाल्यावर एक तार उरली. मला वाटलं, जास्तीची असेल. टाकून दिली.

आणखी ता. क. हे पत्र फाडणार होतो, पण बायको म्हणाली, आहे तसंच पाठव, त्यांना हसू तरी येईल. साउंडवाल्याला काल सगळ्यांसमोर सांगितलं, की शिकायची गरज मला होती. तो तुमची माफी मागणार आहे. त्याच्या आधी मी मागतो. तीन महिने माझा वाजवण्यात जीव लागलेला नाही. शनिवारी सहाला कार्यक्रम आहे, पहिल्या रांगेत तुमची खुर्ची धरून ठेवतो. याच.

आणि येताना एक बारीक स्क्रू आणा. झाकणाचा चौथा सापडत नाहीये.