कागदाबाहेर गेलेली वाट

नवीन पनवेल,
बुधवार

तीर्थस्वरूप वसुंधरामावशीस,

खुर्चीत बसल्या बसल्या जेवढं वाकता येतं तेवढं वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नका म्हटल्यापासून तू रोज गच्चीवर जातेस, हे आईकडून कळलं. (आईला काकांकडून कळलं, तेव्हा घरात फितूर शोधत बसू नकोस.) काकांचा मोतीबिंदू निघाल्यावर त्यांना आभाळ जास्त निळं दिसतं म्हणे. निवृत्त चित्रकला शिक्षकाला ही मोठीच चैन आहे. गॅलरीतली त्यांची हिरवी सायकलही आता जास्त हिरवी दिसत असेल. अजून तिला कुणाला हात लावू देत नाहीत का? लहानपणी मी तिची घंटी वाजवली, तर ते ओरडले नव्हते. लाडू देऊन मला आत नेलं होतं. मला ते तेव्हाही चमत्कारिक वाटलं होतं.

इकडे सर्व ठीक. आई ठीक आहे, बाबा ठीक आहेत, माझी नोकरी सोमवारपर्यंत ठीक आहे. फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर माझ्या शेजारी आई असते आणि तुझ्याकडे काका स्पीकर लावतात. या मजकुराला इतके श्रोते नकोत.

दोष कुणाला देत नाही, पण जे झालं ते तुझ्यापासून सुरू होतं. मागच्या वर्षी तुझ्या दिवाळी अंकासाठी मी एक कथा पाठवली होती, पूल तपासायला गेलेल्या अभियंत्याची. तू समासात लिहून परत केलीस, ‘पूल उत्तम. माणसं कधी येणार?’ मी ते मनाला लावून घेतलं नाही. (कपाटाच्या आतल्या बाजूला लावलं आहे.) मग तुझ्या त्या ऑनलाइन कार्यशाळेला मी कॅमेरा बंद ठेवून बसले, ‘आधी चित्र, मग गोष्ट’. शब्द अडले की ब्रश धरा, चित्र सुबक यायला नको, रंग सांडू द्या, हात चुकू द्या, चुकलेल्या जागेतूनच पात्र आत शिरतं, असं तू सांगत होतीस आणि बाकीच्या बायका आनंदाने चुकत होत्या. मला चुकायचं प्रशिक्षण नाही. मी रस्त्यांचे आराखडे करते.

पहिला प्रयोग शाईच्या डागाचा. कागदावर शाई टाकायची, घडी घालायची, उघडून आत कोण दिसतं ते पाहायचं. मला पाणलोट क्षेत्र दिसलं. दुसऱ्यांदा आणखी मोठं पाणलोट क्षेत्र दिसलं. बाबांना मात्र त्याच डागात त्यांचे जुने साहेब दिसले, आणि चहा गार होईपर्यंत ते त्या डागाशी भांडले. म्हणजे पद्धतीत खोट नव्हती. मग नायिकेचं चित्र काढायला घेतलं. समोरून काढलं, बाजूने काढलं आणि सवयीने छेदही, म्हणजे मधून कापल्यावर आत दिसेल तेही, काढलं. समोरून ती भिंतीतल्या सॉकेटसारखी दिसत होती, कारण डोळे आणि तोंड मी मोजून घेतले होते. छेदात मात्र एक गंमत झाली. छातीच्या जागी काय दाखवायचं ते ठरेना, तेव्हा मी तिथे चौकट सोडून ‘तपशील नंतर’ असं लिहिलं. आमच्या कामात अशी चौकट राहिली की साइटवरून फोन आल्याशिवाय राहत नाही. इथेही तसंच झालं. ऑफिसात, बसमध्ये, भाजी घेताना ती बाई आतून विचारत राहिली, की माझं तिथलं काय ते कधी सांगणार. (तू कार्यशाळेत म्हणालीस ते हेच असेल तर तसं कळव. नसेल तर डॉक्टरांना दाखवते.)

त्यानंतर तू म्हणालीस, गोष्ट जिथे घडते त्या जागेचा नकाशा काढा, माणसं आपोआप चालायला लागतील. नकाशा मला येतो. मी कांदळपाडा नावाचं गाव काढलं. गाव संपूर्ण काल्पनिक आहे, ही नोंद इथे करून ठेवते. तळं, विहीर, देऊळ, गोठे, पलीकडे मिठागरं. घरं काढताना मागच्या भिंती एका ओळीत आल्या नाहीत आणि त्यांच्या पाठीमागे एक वेडावाकडा बोळ उरला. एरवी मी तो खोडला असता. तू चुकू द्या म्हणाली होतीस म्हणून ठेवला, आणि खरं सांगते, त्या बोळातून एक मुलगी चालायला लागली. वेळ दुपारची, गाव जेवून आडवं झालेलं. चपला हातात, काखेत रंगांची पेटी. गोठ्यापाशी कुत्रा होता, पण तिची धाकटी बहीण त्याला भाकरी घालत बसली होती. विहिरीवर बायका असणार म्हणून मुलगी तिकडे न जाता देवळामागून वळली आणि मिठागराच्या बांधाला लागली. मी तिच्यामागोमाग लाल पेनाने तुटक रेघ ओढत होते. ती कुठे निघाली आहे ते कळायच्या आत कागद संपला. तेवढ्यात बाबांच्या हातून कोकम सरबत मिठागरांवर सांडलं. रंग सांडू द्या, या नियमाने मी तेही राहू दिलं.

नकाशावर उत्तरेचा बाण होता आणि खाली स्केल होतं. त्याशिवाय मला झोप लागत नाही. कागद आमच्या ऑफिसच्या रद्दीतला होता, मोठा, कोरा, फक्त कोपऱ्यात फर्मचं नाव छापलेलं. (चांगला कागद टाकवत नाही, ही खोड मला तुमच्या माहेरकडून आली आहे.) तेवढा मोठा कागद तुला पाठवता येईना, म्हणून लहान प्रत काढायला निकेशच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. निकेशने नकाशा पाहिला, मला पाहिलं आणि शटर अर्धं खाली ओढलं.

“मॅडम, हे कुठलं?”

“कुठलंच नाही.”

“समजलो,” तो म्हणाला.

तू नाशिकला असतेस म्हणून सांगते. पनवेलात कागदावर तुटक रेघ दिसली की माणूस आधी आपली जमीन तिच्या कुठल्या अंगाला आहे ते बघतो. त्या कागदावर रस्ते करणाऱ्या फर्मचं नाव असेल, तर तो श्वास रोखून बघतो. निकेशने प्रत काढताना एक फोटो स्वतःसाठी घेतला असावा. संध्याकाळी तो नकाशा बाबांच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, ‘नवीन रोड, आतली बातमी’ असं लिहून. बाबांनी त्यावर अंगठा दिला. सांडलेलं कोकम त्यांचं स्वतःचं होतं, ते त्यांनी ओळखलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या दारात दाजी उभे. दाजी म्हणजे उरणकडचे एक वयस्क गृहस्थ, अंगात पांढरा शर्ट, गळ्यात सोनं. पूर्वी शेती करायचे, आता लोकांचे जमिनीचे व्यवहार जुळवून देतात. त्यांच्या हातात माझ्या नकाशाचा रंगीत प्रिंट होता, आणि कांदळपाड्याच्या घरांवर त्यांनी पेनाने खऱ्या माणसांची नावं टाकली होती.

“ताई, एकच सांगा. आमची जागा या लाल डागात हाय का भायेर?”

मी म्हटलं, ते कोकम आहे. दाजी बरोबरच्या माणसाकडे वळून हळूच म्हणाले, “कोकम झोन. नवीन काडलाय वाटतं.”

मी शांतपणे सांगितलं की हे गावच खोटं आहे. दाजी हसले. “गाव खोटा, तं उत्तरेचा बाण खरा कशाला दावलाव?” तेवढ्यात पलीकडच्या गावचे दोघे आले आणि म्हणाले की हे तळं आमचं आहे. दाजी म्हणाले, तुमच्या तळ्याला पायऱ्या कुठं हायत? ते म्हणाले, होत्या, पडल्या. मी काढलेल्या तळ्यावरून तिघे आमच्या रिसेप्शनला भांडत होते आणि मी ‘नाही’ म्हटलं की प्रत्येकाला ते आपल्याच बाजूने वाटत होतं.

दुपारपर्यंत क्लायंटचा फोन आला की आमचा गुप्त आराखडा तुमच्या कागदावर बाहेर कसा गेला. गुरुदत्त सरांनी मला बोलावलं. (सर म्हणजे फर्मचे मालक. त्यांना राग आला की ते चष्मा पुसतात. त्या दिवशी काच झिजली असेल.) नकाशा टेबलावर पसरून ते म्हणाले, “वल्लरी, घरांच्या मागून रस्ता कोण नेतो? या वळणावर ट्रक सोड, स्कूटर वळायची नाही. हा ऑफिसातला असेल तर तू कागद फोडलास. आणि तू स्वतः आखला असशील, तर तुला मी कामावर घेतलं कसं?”

चोर किंवा नालायक, दोन्ही पर्याय मला मान्य नव्हते. आजवर मी लिहिते हे तू आणि मी सोडून कुणाला माहीत नव्हतं, आणि ते तसंच राहावं अशी माझी इच्छा होती. पण दुसरा मार्ग उरला नव्हता. मी म्हटलं, “सर, तो रस्ता नाही, वाट आहे. एक मुलगी घरातून निघून जाते. मी कथा लिहिते आहे.”

सगळ्या ऑफिसात टाइपिंग थांबलं. मितेश हिशेब बघतो, त्याने केबिनमध्ये डोकं घालून विचारलं, “कुणाबरोबर?”

सरांनी कथा मागितली. मी सांगितलं की अजून लिहिलेली नाही, चित्रंच आहेत. त्यावर ते चष्मा पुसायचे थांबले, ते जास्त वाईट होतं. शेवटी त्यांनी असं ठरवलं की सोमवारी क्लायंट ऑफिसात येईल, त्याच्यापुढे कथा ठेवायची, संपूर्ण. अर्धी कथा म्हणजे अर्धी सबब. नाही जमलं तर राजीनामा लिहायचा, तो तरी पूर्ण असू दे. तोवर जेवढी आहे तेवढी सांग म्हणाले, म्हणून मी तिथेच उभी राहून, साइटचा अहवाल देतात त्या आवाजात, बोळ, कुत्रा, भाकरी, चपला, बांध असं सगळं सांगितलं. लोक जमत गेले. दाजी दारात उभे राहून ऐकत होते. मी कागदाच्या काठापाशी आल्यावर थांबले.

“पुढे?” सर म्हणाले.

“कागद संपला, सर.”

“मग दुसरा घ्यायचा!” (एरवी हे गृहस्थ प्रिंट दोन्ही बाजूंनी काढायला लावतात.)

दाजी मला जिन्यापर्यंत सोडायला आले. म्हणाले, “पोरगी द्रोणागिरी डोंगराच्या अंगाला गेली तं आदी माला सांगा. तिकरं माजी अजून एक जागा हाय.”

तेव्हापासून मी दुसरा कागद घेऊन बसते. एस.टी. स्टँड काढून पाहिला, लाँचचा धक्का काढला, एकदा रागाने पोलीस चौकीही काढली. रेघा सगळ्या अचूक येतात, आणि म्हणूनच मुलगी त्यांच्यावर पाय ठेवत नाही. ती पहिल्या कागदाच्या काठावर उभी आहे, चपला अजून हातात. शाई सांडून झाली, डोळे मिटून रेघ ओढून झाली. पुन्हा पाणलोट क्षेत्र.

असो. तू काळजी करू नकोस. आणि उत्तर द्यायची तसदीही घेऊ नकोस, अंकाच्या कामात असशील. काकांना नमस्कार सांग. माझा आणि कांदळपाड्याचाही.

तुझी,
वल्लरी

ता. क. गाव संपूर्ण काल्पनिक आहे असं वर लिहिलं. काल आईने नकाशा पहिल्यांदा पाहिला. बराच वेळ बघून म्हणाली, “गोठा डावीकडे होता.” मग आत जाऊन तिने घासलेली भांडी पुन्हा घासली. तेव्हा मला आठवलं की लहानपणी जेवत नव्हते तेव्हा आई एका मुलीची गोष्ट सांगून मला भरवायची, आणि त्यात कुत्र्याला भाकरी घालणारी धाकटी बहीण प्रत्येक वेळी फार हुशार असायची. मला वाटत होतं ती गोष्ट सगळ्यांच्या आया सांगतात.

पुन्हा ता. क. तुझं लग्न थोरल्या मामाच्या ओळखीतून, पत्रिका बघून जमलं, असं घरात आजवर सांगतात. मी त्यावर कधी शंका घेतली नाही. पण चित्रकलेच्या परीक्षांच्या वेळी तुमच्या शाळेत बाहेरून कोण मास्तर यायचे, हे आईला विचारल्यावर तिने तिसऱ्यांदा भांडी घासली. सोबत ट्रेसिंगचा कागद ठेवला आहे. मुलगी जिथे अडली आहे तिथे फुली केली आहे. तिथून पुढची वाट तू काढ, किंवा काकांना काढू दे, त्यांचा हात चांगला आहे. स्केल नसलं तरी चालेल. पत्र शुक्रवारी पोचेल. रविवारी मला फोटो मिळाला तर सोमवारी नोकरी राहील. नावं मी बदलेन. कुत्र्याचं तेवढं, आईच्या गोष्टीतलं, ठेवते.

शेवटचं. दाजींचं गाव कुठलं ते मी आज विचारलं. तुमचंच निघालं. मग तेच म्हणाले, तुमच्या गोष्टीतली पोरगी कुठं गेली ते माला नको, सुखी असली म्हंजे झाला. पन ती गेली त्याच सुमाराला भर दुपारी मिठागराच्या बांधावरून माजी नवी सायकल गेली ती काय गावली नाय. हिरवी होती.