घरबसल्या मत

नाशिक
दि. ५ नोव्हेंबर २०२४

ती. द्वारकाआत्यास,
बद्रीनाथचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला धड ऐकू येत नाही आणि तू प्रत्येक वाक्याला हो हो म्हणतेस, म्हणून हे पत्र. बातमी चांगली आहे. गेल्या महिन्यात आलो तेव्हा तुझी सही घेऊन दिलेला अर्ज मंजूर झाला. पंच्याऐंशीच्या पुढच्यांचं मत आता घरी येऊन घेतात. या विधानसभेला कर्मचारीच तुझ्या दारात येतील. लोकसभेला रांगेत तुला भोवळ आली, हे तू लपवलंस, पण मला कळलंच. आता शाळेपर्यंतची पायपीट बंद. खाटेवर बसून मत दे, वर त्यांनाच चहा पाज.

आम्ही सगळे मजेत आहोत. आहे ती माया कमी करू नकोस, एवढंच मागणं.

तुझा
बद्रीनाथ

माळेवाडी, ता. भोकरदन
दि. ९ नोव्हेंबर २०२४

चि. बद्रीनाथ यास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. काळजीपोटी केलंस हे समजतं, पण बाबा रे, मला वाटलं पेन्शनचा कागद असेल. नीट सांगितलं असतंस तर सही केली नसती. शाळेतल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, यादीत तुमच्या नावापुढे खूण झाली, आता केंद्रावर मत देता येणार नाही.

तुझ्या ध्यानात नसेल, मतदानाला वस्तीतल्या बायका सकाळी माझ्या ओट्यावर जमतात आणि कापूस वेचायला जायच्या आधी आम्ही एकदमच शाळेत जातो. वाटेत कोणी चिन्हाचं नाव काढायचं नाही. घरी नवऱ्याने विचारलं तर सांगायचं, आत्याला विचारा. आणि मला चांगलं ऐकू येत होतं तेव्हापासून मी सांगत आले की मला ऐकू येत नाही! त्याआधी पुरुष सांगतील तिथे बायका शिक्का मारायच्या, नाहीतर जायच्याच नाहीत.

आता मी शाळेत जाणार नाही म्हटल्यावर शेजारच्या उषाचा नवरा तातेराव सगळ्यांना सांगत फिरतो की बरं झालं, आता मीच तिला गाडीवर नेतो अन् कोणतं बटन दाबायचं ते बी सांगतो. उषा माझ्याजवळ येऊन रडून गेली. दोघीजणी तर म्हणाल्या, तुम्ही न्हाई तर मंग आमी बी न्हाई. पंचेचाळीस वर्षांचं एका सहीनं मोडतं की काय, या विचाराने जेवण गोड लागत नाही. तुझ्यावर रागावले आहे, हे लिहूनच टाकते. पोरांना जवळ घे, माझा राग त्यांच्यावर नाही.

तुझी
आत्या

माळेवाडी
दि. २१ नोव्हेंबर २०२४

चि. बद्रीनाथ यास,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

चौदा तारखेला तुझी ती माणसं आली. चांगली होती बिचारी. खाटेवर पुठ्ठ्याचा आडोसा केला. बघायला निम्मी वस्ती लोटली. पलीकडच्या घरातली रुखसार, कपडे शिवते ती, शिलाई सोडून धावत आली आणि तिने पुरुषांना पार रस्त्यापर्यंत मागे हटवलं. बायका दाराकडे पाठ करून उभ्या राहिल्या. आत्याचं मत कुणी बघायचं न्हाई, अशी तिची ताकीद. कोंबड्यासुद्धा हाकलल्या. माझ्या एका मताची केवढी ती राखण!

काल मतदान झालं. मत नसलं तरी शाळेच्या फाटकापर्यंत सोबत जायचं ठरवून मी सहालाच काठी घेऊन बसले होते. रुखसार आली. म्हणाली, आत्या, गुडघा दुखून राह्यला तुमचा, तुम्ही बसा, आमी जाऊन येतो. मी हट्ट धरला तर तिने काठीच काढून घेतली. मग सगळ्या निघाल्या. मी अडतीसपर्यंत मोजल्या, पुढे डोळे भरून आले. येणार नाही म्हणणाऱ्या त्या दोघी सगळ्यांत पुढे. तातेराव गाडी घेऊन आला, तर उषाने सांगितलं की मी सगळ्यांसंगं पायीच जाते. तो बिचारा गाडी बंद करून शाळेपर्यंत मागून ढकलत गेला. कोणतं बटन ते सांगायला त्याला जागाच मिळाली नाही.

वस्तीतल्या दोनच बायका राहिल्या म्हणे, एक बाळंतीण आणि एक तापाने फणफणलेली. मतदानात पुरुष यंदाही आमच्या मागेच.

बद्री, मागच्या पत्रातला राग मनातून काढून टाक. मी मेल्यावर हे सगळं बंद पडेल, हा घोर मला कित्येक वर्षं होता. कुणाला बोलले नव्हते. त्या माझ्यावाचून जातात, हे एरवी मी गेल्यावरच दिसलं असतं, आणि तेव्हा बघायला मी नसते. तू मला घरी बसवलंस म्हणून ओट्यावरून, या डोळ्यांनी पाहिलं. तुझे फार उपकार झाले, बाबा.

सगळ्यांना आशीर्वाद सांग. माया आहेच, आणि यंदा जरा जास्तच आहे.

तुझी
आत्या